केंद्रातून घरी आल्यावर जवळचा गट कसा शोधायचा? (दारू आणि इतर व्यसनं – माहितीचा धागा)

रानजाई

व्यसनमुक्ती केंद्रातून घरी सोडताना कागदावर "नियमित मीटिंगला जावे" असं लिहून देतात, म्हणजे व्यसन सोडलेल्यांच्या, एकमेकांना आधार देणाऱ्या गटाच्या बैठकीला. कुठल्या मीटिंगला, कुठे, कोणत्या वारी, हे बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं. पेशंट घरी येतो, पहिले आठ-दहा दिवस पाहुण्यारावळ्यांत जातात, मग कामावर रुजू होतो आणि मीटिंग राहून जाते. घसरण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो तो याच सुरुवातीच्या आठवड्यांत. म्हणून इथे फक्त कामाची माहिती एकत्र करूया. अनुभवकथनासाठी वेगळा धागा आहे.

पहिली गोष्ट म्हणजे गट शोधायचं काम डिस्चार्जच्या आधीच करायचं. समुपदेशकाला स्पष्ट विचारा: "आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरात कोणता गट आहे? तिथल्या एखाद्या सभासदाशी इथूनच फोनवर बोलता येईल का?" बऱ्याच केंद्रांत अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचे, म्हणजे एएचे, लोक आठवड्यातून एकदा येऊन मीटिंग घेतात. त्यांच्याशी तिथेच ओळख करून घ्या. ओळखीचा एक चेहरा असेल तर बाहेर आल्यावर दार उघडून आत जाणं खूप सोपं होतं.

केंद्रात गेलेलाच नसाल तर सुरुवात फोनपासून. १४४४६ ही केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन. १४४१६ म्हणजे टेली-मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, तिथे मराठीतून बोलता येतं. या दोन्हींवर जिल्ह्यातल्या सरकारी उपचारसोयींची माहिती विचारायची. एए आणि एनए (नार्कोटिक्स अ‍ॅनॉनिमस, इतर नशांसाठी) यांच्या भारतातल्या संकेतस्थळांवर गावांप्रमाणे मीटिंगच्या याद्या आणि हेल्पलाइन असतात, ते मात्र वेगळं बघावं लागतं. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीतला समाजसेवक हा तिसरा मार्ग. गावातले गट त्याला बहुधा ठाऊक असतात.

कृष्णाकाठ

रानजाईताईंच्या मुद्द्याला जोडून. यादीतला पत्ता बघून थेट जाऊ नका, आधी फोन करा. गट भरतात महापालिकेच्या शाळेत, चर्चच्या हॉलमध्ये, दवाखान्याच्या एखाद्या खोलीत, समाजमंदिरात. मे महिन्यात शाळेला कुलूप लागतं, परीक्षेच्या काळात वर्ग मिळत नाही, गणपतीत हॉल मंडळाकडे जातो. गट तात्पुरता दुसरीकडे हलतो आणि यादीत जुनाच पत्ता राहतो. नवा माणूस मोठ्या मुश्किलीने मनाची तयारी करून येतो, बंद गेट बघून परत फिरतो आणि पुन्हा येत नाही.

फोनवर एवढं विचारा:

– या आठवड्यात मीटिंग नक्की आहे ना, कुठल्या खोलीत?
– ओपन आहे की क्लोज्ड? ओपनला घरचे लोक बसू शकतात. क्लोज्डला फक्त ज्याला स्वतःला दारूचा प्रश्न आहे तोच.
– भाषा कोणती? मुंबई-पुण्यात मराठी, हिंदी, इंग्रजी असे वेगवेगळे गट आहेत. गोव्यात कोंकणी आणि इंग्रजी.
– कुणी गेटवर भेटेल का?

शेवटचा प्रश्न नक्की विचारा. "मी पहिल्यांदाच येतोय" एवढं म्हटलं तरी बहुतेक गटांत कुणी ना कुणी दहा मिनिटं आधी येऊन उभं राहतं. वॉचमनला काय सांगायचं हेही त्यांनाच विचारून घ्या. "वर्ग क्रमांक अमुक, सातची मीटिंग" एवढं पुरतं.

मीटिंग निवडताना परतीची शेवटची एसटी आधी बघा. मीटिंग साडेआठला संपते आणि गाडी आठची असेल तर माणूस दोन वेळा येईल, तिसऱ्यांदा येणार नाही. अशा वेळी रविवार सकाळची मीटिंग असलेला गट थोडा लांब पडला तरी चालतो. आणि रस्ता बघा. स्टँडपासून गटापर्यंतच्या वाटेवर नेहमीचा परमिट रूम लागत असेल तर पहिले तीन महिने दुसऱ्या गल्लीने जा, दहा मिनिटं जास्त लागली तरी.

डॉ_वारणा

गटाच्या आधी एक वैद्यकीय गोष्ट, कारण इथे जीव जाऊ शकतो.

रोज भरपूर पिणाऱ्याने, सकाळी उठल्यावर हात थरथरतात म्हणून घोट घ्यावा लागणाऱ्याने, "उद्यापासून बंद" म्हणत एकदम सोडू नये. शेवटच्या पेगनंतर साधारण ६ ते २४ तासांत कापरं, घाम, धडधड, उलट्या सुरू होतात. फिट येण्याचा धोका साधारण ६ ते ४८ तासांत असतो. ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान भ्रम होऊ शकतो: भिंतीवर किडे दिसणं, नसलेल्या माणसांशी बोलणं, ताप, दिवस-रात्रीचं भान जाणं. ही तातडीची अवस्था आहे, ताबडतोब रुग्णालयात न्यायचं. आधी कधी फिट आली असेल तर घरच्या घरी दारू सोडण्याचा विचारही नको.

"दोन सलाईन लावली की उतरते" हा समज गावोगावी आहे. जुन्या पिणाऱ्याच्या शरीरात बी-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, फार कमी झालेलं असतं. थायमिन न देता नुसतं ग्लुकोजचं सलाईन दिलं तर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका वाढतो. डॉक्टरांना आपण होऊन सांगा: रोज किती पितो, किती वर्षं, शेवटची कधी घेतली. लाजून "कधीतरी घेतो" म्हणाल तर उपचार चुकतील.

त्रास कमी करणाऱ्या गोळ्या सहसा पाच-सात दिवसांत कमी करत बंद करतात. त्या घरच्यांनी स्वतःजवळ ठेवून मोजून द्याव्यात. उरलेली पाकिटं घरात ठेवू नका, त्यांचीही सवय लागते. गटात यायला मात्र पूर्ण बरं होण्याची वाट बघायची गरज नाही. डॉक्टरांनी फिरायला परवानगी दिली की त्याच आठवड्यात पहिली मीटिंग.

सांजवात

आमच्या नात्यातल्या एका ताईंसाठी विचारते. नवरा कुठेच यायला तयार नाही. "मला काही झालेलं नाही" म्हणतो. मग गट कुणासाठी शोधायचा? आणि जेवणात कालवून द्यायची पावडर मिळते म्हणतात, तिचं काय?

डॉ_वारणा

पावडरीचं आधी. नको म्हणजे नकोच. त्या पुडीत अनेकदा डायसल्फिराम असतं. ते पोटात असताना दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदयाचा त्रास असलेला माणूस दगावू शकतो. हे औषध वाईट नाही, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, तपासण्या करून आणि पेशंटच्या संमतीनेच द्यायचं असतं. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत दारूशी प्रतिक्रिया होऊ शकते, म्हणून घेणाऱ्याला ते माहीत असणं अत्यावश्यक. उघडपणे गोळी घेणाऱ्यांनीही लक्षात ठेवा: द्राक्षासव, दशमूलारिष्ट अशा आसव-अरिष्टांत आणि काही खोकल्याच्या औषधांत अल्कोहोल असतं. ती चालणार नाहीत.

रानजाई

सांजवात, गट त्या ताईंसाठी शोधा. नवरा येवो न येवो. अल-अ‍ॅनॉन ही पिणाऱ्यांच्या घरच्यांची संघटना १९५१ पासून आहे, मुंबई-पुण्यात तिचे गट भरतात, ऑनलाइनही आहेत. किशोरवयीन मुलांसाठी अलाटीन. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पत्नींसाठी 'सहचरी' गट चालतो.

तिथे नवऱ्याला सुधारण्याच्या युक्त्या शिकवत नाहीत. बाटली लपवणं, साहेबाला फोन करून "ताप आलाय" सांगणं, उधारी फेडणं, सकाळी माफी मागितली की सगळं विसरून जाणं, यातलं काय थांबवायचं आणि कसं थांबवायचं, ते शिकतात. हे थांबलं की पिण्याचे परिणाम पिणाऱ्यापर्यंत पोचायला लागतात, आणि पुष्कळदा तिथूनच तो उपचाराला तयार होतो. नाही झाला तरी ताईंची झोप आणि मुलांचा अभ्यास सावरतो, तेही थोडं नाही. मारहाण होत असेल तर मात्र गट हे उत्तर नाही. १८१ किंवा ११२ वर फोन करायचा आणि आधी सुरक्षित जागी जायचं.

उंबरठा

नवरा तयार नाही म्हटलं की लोक "उचलून नेणारं केंद्र" सुचवतात. त्याबद्दल लिहिणं भाग आहे.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्था येतात. अशा रुग्णांना दाखल करून उपचार देणाऱ्या केंद्राची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी हवी. नोंदणी क्रमांक मागा, प्रमाणपत्र भिंतीवर दिसलं पाहिजे. स्वतःच्या इच्छेने दाखल झालेल्याला स्वतःहून बाहेर पडायचा हक्क आहे, केंद्र फार तर २४ तास थांबवून तपासणी करू शकतं. संमती देण्याच्या स्थितीत नसलेल्या माणसाला दाखल करायचं तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज आणि दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी लागते, मुदत ३० दिवस. साखळीने बांधणं कायद्याने पूर्ण बंद आहे.

रात्री गाडी पाठवून चार माणसं उचलून नेतात, महिनाभर भेटू देत नाहीत, डॉक्टर कोण ते सांगत नाहीत, "सहा महिन्यांची फी आधी भरा" म्हणतात: यातलं एक जरी दिसलं तरी तिथे पाठवू नका. अशा ठिकाणाहून आलेला माणूस पुढे "मीटिंग" या शब्दालाच घाबरतो.

तांबडं_फुटलं

खऱ्या गटाची खूण काय? आमच्याकडे एक जण गटाच्या नावाखाली दरमहा पैसे घेतो म्हणतात.

कृष्णाकाठ

एए, एनए, अल-अ‍ॅनॉन यांपैकी कुठेही फी नसते. फॉर्म नाही, आधार कार्ड नाही, हजेरीपट नाही. एए आणि एनएच्या सभासदत्वाची अट एकच, पिणं (किंवा नशा) थांबवायची इच्छा. शेवटी एक टोपली किंवा पिशवी फिरते. त्यात सभासद स्वखुशीने दहा-वीस रुपये टाकतात, त्यातून खोलीचं भाडं, चहा, पुस्तकं. नव्या माणसाने टाकायची गरज नाही. बाहेरच्यांकडून हे गट देणगी घेत नाहीत, तशी त्यांची परंपराच आहे. तेव्हा पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरणारा माणूस या गटांचा नव्हे.

पहिल्या मीटिंगला काय घडतं तेही लिहून ठेवतो, न कळल्यामुळेच बरेच जण टाळतात. खुर्च्या बहुधा गोल मांडलेल्या असतात. तास ते दीड तास. चेअर करणारा प्रस्तावना वाचतो, मग बारा पायऱ्या (व्यसनापासून दूर राहण्यासाठी गट पाळतो ती तत्त्वं) वाचतात, बहुधा लॅमिनेट केलेला कागद हातोहात फिरतो. नंतर एकेक जण पाच-सात मिनिटं बोलतो. मध्ये कुणी प्रश्न विचारत नाही, सल्ला देत नाही. तुमची पाळी आली तर नुसतं नाव सांगा, आडनावही नको, किंवा "आज फक्त ऐकतो" म्हणा. शेवटी प्रार्थना, मग चहा.

चहाला थांबा! सगळ्यात कामाचं तिथेच होतं. दोन-तीन जणांचे नंबर घ्या आणि दुसऱ्याच दिवशी, काही कारण नसताना, एकाला फोन करा. चांगल्या दिवशी फोन करायची सवय नसेल तर तलफ आलेल्या दिवशी बोट नंबरावर जात नाही. पुढे यांपैकीच कुणी एक स्पॉन्सर होतो, म्हणजे पायऱ्या समजावणारा जुना सभासद. पुरुषाने पुरुष, बाईने बाई निवडावी.

एका मीटिंगवरून गट जोखू नका. किमान सहा, शक्यतो दोन वेगळ्या गटांत. शहरात असाल तर "९० दिवसांत ९० मीटिंग" हा जुना सल्ला आजही दिला जातो. गावात आठवड्याला दोन प्रत्यक्ष आणि उरलेल्या ऑनलाइन, असं जमतं.

निर्मळ७

देवाधर्माचं किती असतं? ज्याचा विश्वास नाही त्याने काय करावं?

रानजाई

पायऱ्यांमध्ये "ईश्वर" हा शब्द येतो, त्यापुढे "आपल्याला जसा समजला तसा" असंही येतं. बरेच नास्तिक सभासद गटालाच ती शक्ती मानतात आणि त्यांना कुणी अडवत नाही. तरीही नाहीच पटलं तर १९९४ पासून चालू असलेली स्मार्ट रिकव्हरी ही विचार-वर्तन उपचारपद्धतीवर आधारलेली मीटिंग ऑनलाइन मिळते, भाषा मुख्यतः इंग्रजी.

मराठीतून, प्रार्थनेवर कमी भर असलेलं काही हवं असेल तर केंद्रांचे पाठपुरावा गट बघा. मुक्तांगण १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांच्या मदतीतून. त्यांचे पाठपुरावा मेळावे पुण्याबाहेरच्या शहरांतही होतात. मुंबईत वांद्र्याला फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये स्थापलेली कृपा फाउंडेशन आहे, तिथे योगाचा वापर पहिल्यापासून आहे. पाठपुरावा गट महिन्यातून एकदा भरत असेल तर तेवढ्यावर विसंबू नका, साप्ताहिक काहीतरी हवंच.

डॉ_वारणा

गोळ्या-पावडर-ब्राउन शुगरवाल्यांसाठी तीन ओळी. एनएमध्ये दारूही नशाच धरतात, त्यामुळे दारू आणि गांजा दोन्ही असतील तर एनए जास्त जुळतं. कुणी बुप्रेनॉर्फिनवर (ब्राउन शुगरसारखी नशा सोडवायला डॉक्टर देतात ती गोळी) असेल आणि गटातला जुना सभासद "गोळी बंद कर, तीही नशाच" म्हणाला तर ऐकू नका, औषधाचा निर्णय डॉक्टरांचा. आणि काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. घसरण झाली आणि पूर्वीचाच डोस घेतला तर श्वास थांबून मृत्यू येऊ शकतो. घरच्यांना हे सांगून ठेवा.

अबोली_प

बायकांसाठी? मिश्र गटात एकटीने जाणं तालुक्याच्या गावी शक्य नसतं.

उंबरठा

अबोलीताई, खरं आहे. मोठ्या शहरांत महिलांच्या वेगळ्या मीटिंग आहेत, हेल्पलाइनवर "फक्त महिलांची" असं शब्दशः विचारा. मुक्तांगणचा 'निशिगंध' हा महिलांसाठीचा वेगळा विभाग आहे. गावात असाल तर ऑनलाइन महिला मीटिंग. कॅमेरा बंद ठेवता येतो, झूमवर नाव बदलून घ्या (फोनमध्ये पूर्ण नाव आधीपासून भरलेलं असतं, ते तसंच दिसतं) आणि इअरफोन लावा, म्हणजे दुसऱ्यांचं बोलणं घरात ऐकू जात नाही. मिश्र गटात जायचंच असेल तर पहिल्या दोन वेळा ओपन मीटिंगला बहीण किंवा मैत्रीण सोबत न्या. आणि फोन नंबर फक्त बायकांनाच द्या. कुणी पुरुष सभासद "मीच तुमचा स्पॉन्सर होतो" म्हणाला तर सरळ नाही म्हणा.

तांबडं_फुटलं

आणि चाळीस किलोमीटरमध्ये काहीच नसेल तर?

कृष्णाकाठ

तर सुरू करायचा. दोन-तीन माणसं दारूपासून दूर राहण्यासाठी एकत्र बसली की तो एए गट म्हणवू शकतो. पण त्यातल्या एकाची तरी वर्षभराची सोब्रायटी (दारूशिवाय राहणं) आणि चालू गटाशी संबंध असावा, नाहीतर पहिल्या घसरणीला दोघेही जातात.

लागतं फार थोडं. आठवड्याचा एक ठरलेला वार आणि वेळ, जी कुठल्याही कारणाने बदलायची नाही. खोली: ग्रामपंचायत, शाळा किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राकडे लेखी अर्ज करा, "दारू सोडलेल्यांची साप्ताहिक बैठक, राजकीय-धार्मिक नाही, बैठक संपल्यावर खोली साफ करून देऊ" असं स्पष्ट लिहून. भाडं नको म्हणाले तरी थोडं द्या, म्हणजे कुणाचे उपकार राहत नाहीत. मराठी पुस्तकं आणि वाचनाचे कागद एएच्या कार्यालयातून मागवता येतात. किल्ली दोघांकडे हवी. एकाकडेच असली तर तो आजारी पडला की मीटिंग बुडते. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना आणि आशाताईंना वार-वेळ कळवा, नवे लोक तिथूनच येतील.

गट मोडतात कशामुळे, तेही लिहितो. सगळ्यात पहिलं कारण उसनवारी. गटात एकमेकांना पैसे उसने द्यायचे नाहीत, भिशी चालवायची नाही. हा नियम पहिल्याच दिवशी मोठ्याने वाचा. दुसरं, एकच माणूस सगळं करतो, मग गट "त्याचा" होतो. चेअर, चहा, हिशेब दर सहा महिन्यांनी फिरते ठेवा. तिसरं, स्थानिक पुढारी प्रेमाने हॉल देतो आणि उद्घाटनाला फ्लेक्स लावून फोटो काढतो. फोटोत आलेली माणसं पुढच्या आठवड्याला येत नाहीत, आणि बरोबरच आहे. हॉल घ्या, फ्लेक्स घेऊ नका.

गटारी, होळी, ३१ डिसेंबर, गावची यात्रा आणि पगाराचा दिवस, या दिवशी जादा मीटिंग ठेवा. चालू गटात जाणाऱ्यांनीही हे आधी विचारून ठेवावं. वरातीचं आमंत्रण आलं तर मांडवात जेवून वरात निघण्यापूर्वी घरी.

निर्मळ७

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढावा का?

उंबरठा

काढलात तर नावात "व्यसन", "दारू", "एए" काही नको. बंद स्क्रीनवरच्या नोटिफिकेशनमध्ये ग्रुपचं नाव दिसतं, दुकानात काउंटरवर फोन पडलेला असतो. 'सायंकाळ' असं काही ठेवा. ग्रुपमध्ये सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात, म्हणून नव्या माणसाला न विचारता टाकू नका. नुसत्या वार-वेळेच्या निरोपासाठी ब्रॉडकास्ट लिस्ट बरी, त्यात एकाचा नंबर दुसऱ्याला कळत नाही. पाठवणाऱ्याचा नंबर समोरच्याने सेव्ह केलेला असेल तरच निरोप पोचतो, तेवढं त्याच्याकडून करून घ्या. फोटो, फॉरवर्ड आणि "आज कोण आलं नाही" ही चौकशी पूर्ण बंद.

पॅसिफिक_मराठी

परदेशातल्यांसाठी भर. तिथल्या एएच्या स्थानिक कार्यालयाकडे मीटिंगची यादी असते आणि अमेरिकेत 'मीटिंग गाइड' अ‍ॅपवर जवळची मीटिंग नकाशावर दिसते. पण मनातलं मराठीतच बोलता येतं अशांनी भारतातल्या ऑनलाइन मराठी मीटिंग धराव्यात. भारतातली रात्री ८ ची मीटिंग न्यूयॉर्कला उन्हाळ्यात सकाळी १०:३० आणि हिवाळ्यात ९:३० ला, लंडनला दुपारी ३:३० आणि हिवाळ्यात २:३० ला, दुबईला संध्याकाळी ६:३० ला पडते. कॅलिफोर्नियात सकाळी ७:३० किंवा ६:३०, म्हणजे ऑफिसच्या आधी बसते. घड्याळं बदलतात त्या मार्च आणि नोव्हेंबरच्या आठवड्यांत (ब्रिटनमध्ये मार्च आणि ऑक्टोबरचा शेवट) वेळ चुकून मीटिंग हुकते. फोनमध्ये गजर लावताना तो भारतीय वेळेचा लावा.